खंडेनवमीला पुसलेली मशीन

गाठ मारावी तर हिरूनं. जुन्या आणि नव्या दोऱ्याची टोकं डाव्या चिमटीत धरायची, उजव्या हाताचं बोट एकदा त्यांच्याभोवती फिरवायचं, ओठांनी ओलं करून ओढायचं, की झालं काम. गाठ अशी बारीक पडायची की बघणाऱ्यानं ती शोधत बसावं. दहिवलीत तिच्या घरी इंटरलॉक मशीन आल्यापासून तिचं सगळं त्या गाठीवर चाललं होतं. हे मात्र तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

इंटरलॉक म्हणजे कापडाच्या कापलेल्या कडेचे धागे सुटू नयेत म्हणून ती कड दोऱ्यात गुंडाळून शिवणारी मशीन. साध्या मशीनला वर एक दोरा आणि खाली एक बॉबिन, संपलं. हिच्या डोक्यावर दोऱ्याचे तीन मोठे कोन बसतात. एक दोरा सुईत जातो आणि उरलेले दोन पोटात, दोन वाकड्या आकड्यांमध्ये. त्यांना लुपर म्हणतात, एक वरचा, एक खालचा. तिथवर दोरा न्यायचा तर इतक्या कड्या, चकत्या आणि भोकं पार करावी लागतात की नवा माणूस देवाचं नाव घेतो. पण यावर एक सोपी युक्ती आहे. कोन संपला तरी जुना दोरा काढायचाच नाही. त्याच्या शेपटाला नव्या दोऱ्याचं टोक बांधायचं आणि पलीकडून हळूच ओढायचं. जुना दोरा नव्याला हाताला धरून सगळीकडून फिरवून आणतो. गाठ पार होत नाही ती फक्त सुईच्या नेढ्यातून. तिथं कापायची आणि सुई हातानं ओवायची.

हे हिरू शिकली उल्हासनगरच्या कपडे शिवायच्या एका शेडमध्ये. तिथं वाल्मिक नावाचा फिटर होता. एखादी मशीन पार रिकामी झाली की तो यायचा, बाईला उठवायचा, तिच्याकडं पाठ करून मशीनपुढं बसायचा आणि बघता बघता दोरे भरून द्यायचा. कुणी वाकून बघायला गेलं की म्हणायचा, "बायकांनी गाठ मारावी, बाकीचं माझ्यावर सोडावं." असल्या माणसांना नरकात दोरे ओवायला बसवलं पाहिजे, आणि तेही चिमटा न देता.

शेडसाठी हिरू पहाटे घर सोडायची आणि काळोख पडल्यावर परतायची. पोरगी जया झोपलेली असताना निघायचं, आलं की ती झोपलेलीच. पोरगी बोलायला लागली तेव्हा आजीला, म्हणजे हिरूच्या सासूला, येसूबाईला 'आये' म्हणाली आणि हिरूला 'हिरू'. घरात सगळे हसले. हिरूचा नवरा नागू रेल्वेत गँगमन, तो तर पोट धरून हसला. हिरूही हसली आणि मग मोरीत जाऊन पदर तोंडात कोंबून रडली.

म्हणून कर्जत बाजारातली झोहराबी घरी बसून करायचं काम देते असं कानावर आलं, तेव्हा हिरू धावतच गेली. झोहराबी मुंबईच्या एका शेठकडून कापलेल्या कपड्यांचे गठ्ठे आणायची आणि आसपासच्या गावांतल्या बायकांकडून शिवून घ्यायची. पायानं चालणारी इंटरलॉक तीच घरी आणून द्यायची. देताना मात्र तिनं स्पष्ट विचारलं होतं.

"मशीन भरता येते का तुला? माझ्याकडं फिटर नाय. मुंबईला निरोप धाडला तर तो आठ दिसांनी उगवतो. मशीन बंद पडली तर मी उचलणार आन् दुसऱ्या घरी देणार. रागवायचं नाय. दारात रांग हाय."

"येते की," हिरू म्हणाली.

झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडायची वेळच येऊ द्यायची नाही, दोरा कधी तोडायचा नाही, असं तिनं ठरवून टाकलं. मशीन पावसाच्या आधी आली. जया मशीनच्या पायापाशी बसून कापडाच्या चिंध्यांची लग्नं लावायची आणि वर बघून हजार प्रश्न विचारायची. गणपती येईपर्यंत ती हिरूला आये म्हणायला लागली होती. पोरीला दोन आया झाल्या. त्याचं येसूबाईनं काही वाईट वाटून घेतलं नाही.

हे चौऱ्याऐंशी सालचं. त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी झोहराबीचा टेंपो यायचा होता. पोरींच्या दिवाळीच्या फ्रॉकांचा गठ्ठा निम्मा झाला होता, निम्मा राहिला होता. आदल्या दिवशी खंडेनवमीला हिरू झेंडू आणायला बाजारात गेली, आणि परत येऊन पाहते तो ओटीवर मशीन लखलखत होती. तिच्या बाजूला पाटावर कोयता, विळा, कुऱ्हाड, नागूचा रेल्वेचा हातोडा, सगळं ओळीनं मांडलेलं. सगळ्यांना हळदकुंकू. मशीनच्या गळ्यात परसातल्या फुलांची माळ आणि पत्र्यावर अक्षता.

"बघ कशी दिसते," येसूबाई कौतुकानं म्हणाली. "तू गेलीस तशी बसले घासायला. रॉकेल लावलं, फडकं मारलं. काय ती जळमटं गं तिच्या पोटात! सगळी वढून काढली. उष्ट्या दोऱ्यानं का पूजा करायची?"

हिरूच्या हातातली पिशवी खाली गेली.

"दोरे काढलेत? सगळे?"

"एक ठेवला नाय," येसूबाई म्हणाली.

हिरूनं मशीनचं पुढचं पत्र्याचं दार उघडलं. आत दोन्ही लुपर चकचकीत, उघडेबोडके. चकत्यांमध्ये धाग्याचं नखभर टोकसुद्धा नव्हतं. तिनं पदर खोचला आणि कोन उचलला, तशी सासू पुढं झाली.

"अगं, आज नाय! पूजा झाली. हत्यारं बसली आता. आज त्यांना इसावा. नागूसुदिक आज हातोडा न घेता कामाला गेला. आज हात लावलास तर वरीसभर हाताला यश यायचं नाय."

"आत्याबाई, उद्या सकाळी टेंपो येणार."

"मग उद्या पूजा उतरवू, आन् भर. चार वरसं शेडमधी काढलीस, दोरे भरायला का तुला दिस लागतो?"

हिरूनं कोन खाली ठेवला.

"मला भरता येत नाय," ती म्हणाली.

येसूबाईला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय येत नाय?"

"मशीन भरता येत नाय. कदी भरलीच नाय मी."

"मग चार वरसं तिथं काय करत व्हतीस?"

"गाठ मारत व्हते."

नागूची आई काही भोळी बाई नव्हती. हिरू झोहराबीला काय बोलून आली, आज आपण काय करून ठेवलं आणि उद्या काय होणार, हे तिला एका दमात कळलं. तिनं ओटीच्या कोपऱ्याकडं पाहिलं. जया फुलांच्या देठांचा स्वयंपाक करत होती.

"मशीन गेली तर?" तिनं विचारलं.

"तर परत शेड. परत पहाटेची गाडी."

येसूबाईनं हात जोडले, मशीनच्या गळ्यातली माळ हलकेच काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि परत आली.

"बस तू," ती म्हणाली. "पाप लागलं तर मला लागंल. पुसली मी हाय."

सासूचा हिरूला त्या क्षणी जितका राग आला होता, तितकीच मायाही आली. पण दोन्हींना वेळ नव्हता.

ती बसली. आधी सुई भरली, कारण सुई तिला येत होती. रोजची सवय. मग वरचा लुपर. दोरा कुठून कुठं जातो हे तिनं डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या बोटांनी शेकडो गाठी ओढल्या होत्या. गाठ पहिल्यांदा कुठं अडते, मग कुठं सैल होते, कुठं टचकन आवाज करून सुटते, हे ती डोळे मिटून आठवत गेली आणि एकेक कडी सापडत गेली. चकतीपाशी अडायची, ही चकती. मग जरा खाली घसरायची, हे भोक. चिमटा नव्हता. नागूनं पायातला काटा काढायला ठेवलेला चिमटा येसूबाईनं आणून दिला. वरचा लुपर भरला. मग खालचा. तो आडवा, पार डावीकडं, जिथं हात जात नाही आणि नजर त्याहून जात नाही. घामानं दोऱ्याचं टोक विस्कटलं की ते कापायचं, पुन्हा ओलं करायचं, पुन्हा. दुपार कलली तेव्हा कुठं तिन्ही दोरे आपापल्या जागी दिसले.

तिनं फ्रॉकची एक कड खाली घातली आणि पायडलवर पाय ठेवला.

दोन टाके पडले. मग टक.

खालच्या लुपरचा दोरा तुटला होता.

तिनं तो पुन्हा भरला. पुन्हा टक. वाट चुकली असेल म्हणून सगळी वाट तपासली. वाट बरोबर होती. चकती घट्ट असेल म्हणून सैल केली. पुन्हा टक. आत काही अडकलंय का म्हणून वाकून पाहिलं तर खालच्या लुपरजवळ पूजेतली एक अक्षत, कुंकवानं लाल झालेली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. येसूबाईनं गालावर हात मारून घेतला. हिरूनं ती चिमट्यानं काढली, हीच ती, आता चालणार, असं म्हणत दोरा भरला आणि चाक फिरवलं.

टक.

ही मशीन कुणाच्या बापाची मिंधी नाही, हे हिरूला त्या दिवशी समजलं. रडूही येईना. नागू घरी आला, त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "सरक, मी बघतो. पाना कुठं हाय?" गँगमनला प्रत्येक दुखण्यावर पाना नाहीतर हातोडाच सुचायचा. हिरूनं त्याला हात लावू दिला नाही. तोवर ओटीवरचा उजेड गेला. कंदिलाच्या उजेडात लुपर आणि त्याची सावली यांत फरक दिसेना, तेव्हा तिनं मशीनचं दार लावलं.

नागू जेवताना एवढंच म्हणाला, "झोहराबीला खरं सांगून टाक. खोट्याचा फास असाच बसतो."

"सांगते," हिरू म्हणाली. "पण सांगितल्यावर ती मशीन ठेवंल का?"

नागूनं भाकरीचा तुकडा मोडला.

दसऱ्याची सकाळ झाली. लोक दाराला तोरणं बांधत होते आणि हिरू फटफटल्यापासून मशीनपुढं बसली होती. आंघोळ नाही, चहा नाही. तोच क्रम. सुई, वरचा लुपर, खालचा लुपर, चाक, टक. आता ती चिडली होती. तुटलेला दोरा तिनं एवढ्या जोरात ओढला की सुईतला दोराही नेढ्यातून सुटून बाहेर आला. तो ओवायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही. रागाच्या भरात तिनं खालचा लुपर भरला आणि चाक फिरवलं.

टक आलं नाही.

तिनं चाक पुन्हा फिरवलं. खालचा लुपर डावीकडून उजवीकडं गेला, परत आला, दोरा निमूट त्याच्या मागं. वरच्यानं त्याला गाठलं, सोडलं. पुन्हा. पुन्हा. तुटेना. मग तिचं लक्ष सुईकडं गेलं. सुई रिकामी वरखाली होत होती.

हिरूचा हात चाकावरच थांबला.

म्हणजे दोरा खराब नव्हता, वाट चुकीची नव्हती, अक्षतेचाही दोष नव्हता. भांडण होतं ते सुई आणि खालच्या लुपरचं. सुईचा दोरा आधीच आत जाऊन बसला होता, आणि मागून आलेला खालचा दोरा त्याच्यावरून जाऊन त्याच्यातच गुरफटत होता. दारात कुणी आडवं झोपलं असलं तर मागून येणाऱ्याचा पाय अडकणारच. सुई शेवटी भरायची होती! दोन दिवस ती जे सगळ्यात चांगलं येतं ते सगळ्यात आधी करत होती, आणि तिथंच सगळं चुकत होतं.

तिनं दोरा ओला केला. येसूबाई मागं येऊन उभी राहिली. दोरा गेला. हिरूनं पायडल दाबलं. टाके पडले. कड गुंडाळली जायला लागली. कापड संपलं तरी मशीन चालतच राहिली आणि मागून दोऱ्याची बारीक साखळी लांबत गेली.

"झालं का गं?" येसूबाईनं घाबरत विचारलं.

हिरूनं मान हलवली आणि दुसरा फ्रॉक उचलला.

गठ्ठा अजून बराच बाकी असताना टेंपोचा आवाज आला. हिरूनं मान वर केली. झोहराबीचा पुतण्या मकसूद टेंपो चालवत होता आणि मागं दोन इंटरलॉक मशिनी दोरीनं आवळून बांधल्या होत्या. दोन्हींच्या गळ्यात माळा. म्हणजे झोहराबी आज मशिनी उचलत फिरत होती. हिरूनं पायडल सोडलं नाही. थांबले तर संपले, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

झोहराबी ओटीवर चढली. तिनं फ्रॉक पाहिला नाही, गठ्ठा पाहिला नाही. ती वाकून मशीनच्या पोटात बघायला लागली.

"चालू हाय?" तिनं विचारलं.

"चालू हाय."

"पुसली नाय तुमी?"

हिरूच्या तोंडून काही निघायच्या आत येसूबाई मधे आली. "मी पुसली. सगळे दोरे मी काढले. तिचा काय दोष नाय. काय बोलायचं ते मला बोला."

झोहराबीनं कपाळाला हात लावला आणि ओटीच्या कडेला बसून घेतलं.

"अवो, तुमाला काय बोलू? काल सांजपासनं घरोघर फिरते हाय. शेलूला चिंधीच्या सासूनं पुसली. किरवलीला गौराबाईनं स्वतःच्या हातानं पुसली. एकीनं तर चुलीच्या राखेनं घासली! समद्या मशिनी लखलखीत, हार घालून बसल्यात, आन् एक चालत नाय. ह्या दोन उचलल्या, पण देऊ कुणाला? पोरी रडतात, म्हनतात आमाला फक्त गाठ मारता येते. फिटर सणाला गावी गेला. मला तरी कुठं भरता येते? माल सांजच्याला जायचाय." ती हिरूकडं वळली. "तुला खरंच येते तर. तू येते म्हणालीस तवा मला वाटलेलं, थाप मारते ही."

"थापच व्हती," हिरू म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता आणि तिला लपवायचंही नव्हतं. "मी पण गाठच मारत व्हते. आज सकाळी जमली. सुई शेवटी भरायची असते, ते ठाव नव्हतं."

झोहराबीनं तिच्याकडं पाहिलं. रागावावं की काय करावं हे तिचं तिलाच ठरवता येईना.

"आता जमली ना?" ती शेवटी म्हणाली. "मग ऊठ. चल माझ्यासंगं. शेलू, मग किरवली, मग भिवपुरीकडं दोन घरं. मशीन तुझीच, ती कुटं जात नाय. आन् हितून फुडं जिथं बंद पडंल तिथं तू जायचं. मकसूद येऊन घेऊन जाईल. पोरीला ठेव आजीजवळ."

मशीन कुठं जात नाही. दोन दिवस हे एवढंच ऐकायला हिरूचे कान आसुसले होते. त्यामुळं त्याच्या पुढचं तिला जरा उशिरा समजलं. जिथं बंद पडेल तिथं तू जायचं. आज शेलू, उद्या भिवपुरी, परवा आणखी कुठं. जया तिच्या पायापाशी बसून कालच्या तुटलेल्या दोऱ्यांचा गुंता हाताला गुंडाळत होती.

"मी नाय येणार," हिरू म्हणाली.

"काय?"

"मशिनी हितं आणा. ह्या दोन आत्ता खाली काढा, गठ्ठ्याच्या आधी भरून देते. बाकीच्या मकसूदला आणायला धाडा. ज्या बाईची मशीन तिनं संगं यायचं, माझ्या शेजारी बसून बघायचं, म्हंजे पुढल्या खंडेनवमीला रडायला नको. पण पोरीला टाकून मी घराभायेर पडणार नाय. त्याच्यापायीच घेतली ही मशीन."

कालपर्यंत झोहराबीच्या टेंपोचा आवाज ऐकून उठून उभी राहणारी हीच हिरू. झोहराबीनं समजूत घालायला येसूबाईकडं पाहिलं. सासू सांगेल, सासूचं ऐकावं लागेल.

"आजी, तुमी तरी सांगा. पोरगी राहते की तुमच्याजवळ. तुमच्याच तर अंगाखांद्यावर वाढली ती."

येसूबाईनं जयाच्या हाताला बसलेला दोऱ्याचा गुंता सोडवायला घेतला.

"माझ्याकडं काय बघता?" ती म्हणाली. "पोरगी तिची हाय."

मकसूद टेंपोवर चढला आणि दोऱ्या सोडायला लागला.